‘ने’ने मला कुठे नेलं

आमच्या घरात ‘ने’ या शब्दाला एकच अर्थ होता आणि तो आईच्या ताब्यात होता. मी चपला पायांत सरकवल्या की आतून आवाज यायचा, "जातोच आहेस तर ती कचऱ्याची पिशवी ने." पिशवी दिसायची, ‘ने’ ऐकू यायचं, मी न्यायचो. शब्द, अर्थ आणि अंमलबजावणी, तिन्ही एका जिन्यात उरकायचं. या शब्दाला आणखी काही अर्थ असेल अशी शंका चाळीस वर्षांत आली नाही.

मग मला बैठकीचं इतिवृत्त लिहायचं काम लागलं.

आमच्या कंपनीची माणसं बऱ्याच देशांत पसरलेली आहेत. दर गुरुवारी सगळे आपापल्या घरून पडद्यावरच्या चौकटींत येऊन बसतात आणि काय ठरलं, कोण हो म्हणालं, कोण नाही म्हणालं, हे मी टिपून घेतो. हे काम माझ्याकडे का, असं विचारल्यावर साहेब म्हणाले होते, "तुमचं अक्षर चांगलं आहे." इतिवृत्त संगणकावर टंकायचं असतं, हे त्यांच्या लक्षात आणून देण्याचं धैर्य मला झालं नाही.

बैठक इंग्रजीत चालते. म्हणजे ती सगळ्यांना सारखीच परकी असते. ठरवून बोलायची वाक्यं सगळे व्यवस्थित इंग्रजीत बोलतात. महिनाभर घोकल्यासारखे भारी भारी शब्द वापरतात. पण अचानक कोणी "चालेल ना?" असं विचारलं की इंग्रजी गळून पडते आणि तोंडातून घरचं अक्षर निघतं. माझं दुर्दैव असं, की आमच्या चमूतल्या अर्ध्या माणसांचं घरचं अक्षर ‘ने’ आहे.

पहिला अपघात ग्रीक बाईंनी घडवला. "काम सोमवारपासून सुरू करायचं का?" असा प्रश्न होता. बाई घाईत होत्या. "ने, ने," म्हणाल्या आणि चौकट बंद करून गेल्या. मी याआधी एका चेक माणसाबरोबर काम केलेलं होतं. तो काहीही विचारलं की आधी ‘ने’ म्हणायचा आणि ते काम करायचा नाही, त्यामुळे ‘ने’ म्हणजे ‘नाही’ हे मला अनुभवाने पाठ होतं. शिवाय बाईंनी दोनदा म्हटलं होतं. मी लिहिलं : ‘ग्रीसचा तीव्र विरोध.’

शुक्रवारी साहेबांचा फोन आला. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे ‘हो’.

बरं, एवढ्यावर भागत नाही. हा शब्द लिहिताना ग्रीक लोक जुन्या वळणाने अजूनही ‘नाइ’ अशी अक्षरं काढतात. म्हणजे वाचावं तर आपलं ‘नाय’, ऐकावं तर चेक माणसाचं ‘ने’, आणि अर्थ मात्र ‘हो’. नकारासाठी त्यांच्याकडे ‘ओही’ आहे, त्यातला ‘ही’ घशातून थोडा खरवडून काढायचा. आपल्या कानाला हा शब्द एखाद्या लाजऱ्या मुलीने दिलेल्या होकारासारखा ऐकू येतो. ग्रीक माणसाला मात्र त्याचा केवढा अभिमान! २८ ऑक्टोबर हा त्यांच्याकडे चक्क ‘ओही दिन’ म्हणून पाळतात. १९४० साली त्या दिवशी पहाटे इटलीचा राजदूत अथेन्समध्ये पंतप्रधान मेटाक्सास यांना झोपेतून उठवून मुसोलिनीचं निर्वाणीचं पत्र द्यायला गेला. आमचं सैन्य तुमच्या देशात येऊ द्या, असा मजकूर. मेटाक्सास ‘ओही’ म्हणाले, असं लोक सांगतात. खरं तर ते फ्रेंचमध्ये बोलले. म्हणजे मग युद्धच, अशा अर्थाचं काहीतरी. पण पहाटे तीनच्या सुमाराला माणसाला झोपेतून उठवलं तर त्याने ‘नाही’च म्हणायला हवं, हे लोकांना पटलं आणि तोच शब्द राहिला. पुढे ५ जुलै २०१५ ला कर्जाच्या अटी मान्य आहेत का, यावर तिथे सार्वमत झालं, तेव्हाही मतपत्रिकेवर ‘ओही’चा चौकोन वर आणि ‘ने’चा खाली होता. ६१ टक्क्यांहून अधिक लोकांनी ओही म्हटलं. अशा देशातली बाई दोनदा होकार देते आणि मी तिचा तीव्र विरोध नोंदवतो. बाईंनी मला मोठ्या मनाने माफ केलं. निदान "ने" म्हणाल्या.

मी कानाला खडा लावला. यापुढे ‘ने’ म्हणजे ‘हो’. पुढच्याच गुरुवारी बल्गेरियाचा गडी "ने" म्हणाला. मी आनंदाने ‘मान्य’ लिहिलं.

बल्गेरिया ग्रीसच्या डोक्यावर आहे. दोघांची सीमा एकच. सीमेच्या खाली ‘ने’ म्हणजे ‘हो’ आणि वर ‘ने’ म्हणजे ‘नाही’. त्या दोन देशांमधल्या चौकीवर पूर्वी "सामानात काही आक्षेपार्ह आहे का?" या प्रश्नाला कोण काय उत्तर देत असेल, या विचाराने मला रात्री झोप लागली नाही. तसं पाहिलं तर बल्गेरियन ‘ने’ आपल्या घरचा आहे. संस्कृतातला ‘न’ आणि चेक, सर्बियन, बल्गेरियन मंडळींचा ‘ने’ ही एकाच मुळाची पोरं. म्हणजे मी चुलतभावाला ओळखलं नाही.

पण चूक माझी एकट्याची नव्हती, कारण ‘ने’ म्हणताना त्या गड्याने मान वरखाली केली होती. मी ती डोळ्यांनी पाहिली होती. नंतर कळलं की बल्गेरियात मान वरखाली म्हणजे नाही आणि आडवी म्हणजे हो. तो बिचारा तोंडाने आणि मानेने एकच गोष्ट सांगत होता. हेही एक वेळ लक्षात ठेवलं असतं, पण परदेशी माणसांशी वागून वागून काही बल्गेरियन लोक आपली सोय म्हणून मान उलटी हलवतात. कोणाच्या वेळी ते सौजन्याने वागताहेत आणि कोणाच्या वेळी खरेपणाने, हे त्यांच्या मानेवर लिहिलेलं नसतं. मी त्याला खाजगीत निरोप पाठवला, की बाबा रे, तुझ्या मानेचं एकदा काय ते ठरव. त्याचं उलट उत्तर आलं : "आणि तुझ्या? दोन वर्षं बघतोय. तुझी मान ना उभी हलते ना आडवी. ती खांद्यांवर तरंगते." मी आरशासमोर उभा राहून स्वतःला "जेवलास का?" असं विचारून पाहिलं. गड्याचं बरोबर होतं.

कोरियन मित्राचा प्रकार सगळ्यांत अवघड. कोरियनमध्येही ‘ने’ म्हणजे ‘हो’. इथपर्यंत ग्रीक बाईंची साथ आहे. पण कोरियन लोक शब्दाच्या सुरुवातीचा ‘न’ असा काही सोडतात की परक्या कानाला तो पुष्कळदा ‘द’ ऐकू येतो. मी त्याला माहिती समजावून देत होतो आणि तो दर वाक्याला "दे... दे... दे" करत होता. तो ऐकत असल्याची पावती देत होता, आपण हुंकार देतो तशी. मला वाटलं, मागतोय. मी फाइल पाठवली. तो "दे" म्हणाला. मी पुन्हा पाठवली. तिसऱ्यांदा पाठवल्यावर त्याने अत्यंत नम्रपणे कळवलं की त्याची टपालपेटी भरली आहे. जगात एखाद्या शब्दाने मराठी माणसाला छळायचं ठरवलं तर तो याहून जास्त काय करणार? ऐकावं तर ‘ने’, ऐकावं तर ‘दे’. न्यायचं की द्यायचं, तेवढं तरी नक्की असावं!

त्यात नकारार्थी प्रश्नाची भर. "फाइल उघडली नाही ना?" असं मी विचारलं. तो म्हणाला, "ने." म्हणजे तुझं बरोबर आहे, नाही उघडली. मी समजलो, उघडली. हाच ‘ने’ वर उचलून ‘ने?’ असा विचारला की ‘काय म्हणालात?’ होतो. शिवाय ‘ने’ म्हणजे ‘तुझं’ही होतं. आणि ‘माझं’? त्याचाही उच्चार हल्ली जवळपास तोच झाला आहे. माझं कोणतं आणि तुझं कोणतं याचा घोळ कोरियन लोकांनाच इतका झाला, की ‘तुझं’साठी ते बोलताना ‘नी’ म्हणू लागले. एका भाषेने स्वतःच्याच ‘ने’पुढे हात टेकल्याचं ऐकून मला फार बरं वाटलं.

कोरियनमधलं एक रत्न मात्र मी जपून ठेवलं आहे. तिथे वस्तूंच्या आधी लावायचा ‘चार’ म्हणजेही ‘ने’, आणि वाजले म्हणजे ‘शी’. त्याने एकदा विचारलं, "उद्या भेटू, ने शी?" आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "ने, ए, शी... तृतीया!" शाळेत गुरुजींनी छडीच्या ठेक्यावर पाठ करून घेतलेली विभक्ती परदेशात चार वाजवते, हे गुरुजींना कळायला हवं होतं.

जपानी ‘ने’ भेटला तेव्हा मला माहेरी आल्यासारखं झालं. तो वाक्याच्या शेवटी येतो आणि आपल्या ‘ना’सारखा वागतो. "आज उकडतंय, ने." "हो, उकडतंय, ने." काही ठरत नाही, कोणी दुखावत नाही, दोघांचं पटल्याचा भास होतो. पण याच भासाने मला फसवलं. प्रस्ताव मांडला, तेव्हा जपानी गृहस्थ विचारपूर्वक, लांबवत म्हणाले, "सोऽऽ देसु नेऽऽ." शब्दशः बघितलं तर ‘तसं आहे, ना’. मी लिहिलं : ‘पूर्ण सहमती.’ प्रत्यक्षात ‘ने’ जितका लांबतो तितका माणूस होकारापासून लांब जातो. त्या सुराचं मराठी भाषांतर ‘बघू या हं’ असं होतं, आणि ‘बघू या हं’ म्हणजे काय हे मराठी माणसाला तरी सांगायला नको.

ब्राझीलचा तरुणही वाक्याला ‘ने’ लावतो, तो पोर्तुगीजमधल्या ‘नसे का’ या अर्थाच्या दोन शब्दांचा चुरा होऊन झालेला. जपानशी त्याचं काही नातं नाही, पण बैठकीत ते दोघं एकमेकांशी इतके गोड बोलतात की सख्खे वाटतात. उत्तर जर्मनीच्या बाई मात्र एकाच ‘ने’वर दोन्ही संसार चालवतात. "कठीण आहे, ने?" इथे ‘ने’ म्हणजे ‘नाही का?’ आणि त्यावर दुसरा "ने" म्हणाला तर तो चक्क ‘नाही’. मी हसणार होतो, पण आपल्याकडे "येशील ना?" आणि "ना रे बाबा" हे दोन ‘ना’ एकाच तोंडात सुखाने नांदतात, हे आठवलं आणि गप्प बसलो.

एव्हाना मला वाटू लागलं होतं की ही सगळी परदेशाची भानगड आहे. आपल्या इमारतीत आपण सुखी. तेव्हाच जिन्यात पोरांची मारामारी झाली.

वरच्या मजल्यावरच्या गुजराती काकी खाली आल्या आणि संतापाने म्हणाल्या, "चिंटूने मार्यो!" मी त्यांच्या चिंटूला बोलावलं, समोर उभं केलं आणि मारामारी करणं कसं वाईट असतं यावर दहा मिनिटं सुनावलं. चिंटूच्या कपाळावर टेंगूळ होतं. मी म्हटलं, बघ, मारणाऱ्याला पण लागतं. काकी माझ्याकडे बघतच राहिल्या. कारण मराठीत ‘चिंटूने’ म्हणजे चिंटू मारणारा, हिंदीतही ‘चिंटू ने मारा’ म्हणजे मारणारा तोच. पण गुजरातीत ‘ने’ म्हणजे आपला ‘ला’. चिंटूला मारलं होतं. एकच प्रत्यय, नदी ओलांडली की आरोपीचा फिर्यादी होतो.

मग साक्षीदार शोधला. मारामारी एकट्या रखवालदाराने पाहिली होती. तो हरयाणाचा. आणि हरयाणवीत ‘ने’ दोन्ही कामं करतो, करणाऱ्यालाही लागतो आणि ज्याला केलं त्यालाही. तो छातीठोकपणे म्हणाला, "बंटी ने चिंटू ने मार्या." दोघांनाही ‘ने’. मी विचारलं, "म्हणजे नेमकं कोणी कोणाला?" तो म्हणाला, "वही तो बताया!" न्यायदानाचा नाद मी तिथेच सोडला.

हिंदीच्या ‘ने’ने तर मला लहानपणापासून छळलंय. मराठीत ‘त्याने’ असतं पण ‘मीने’ नसतं. ‘मी’ आणि ‘तू’ यांना आपण मोठ्या उदारपणे ‘ने’ माफ केला आहे. हिंदीत ‘मैंने’ म्हणावंच लागतं. ते एकदा अंगवळणी पडलं की आपण जोशात ‘मैंने लाया’ म्हणतो, आणि समोरचा सांगतो, "‘लाना’ को ‘ने’ नहीं लगता." ‘भूलना’लाही लागत नाही. का नाही? याचं कारण मला कोणी सांगितलं नाही. बिहारकडची मंडळी ‘हम देखे, हम सुने’ म्हणत ‘ने’ सरळ गाळून टाकतात. शुद्धलेखनवाले त्यांना नावं ठेवतात, मला तेच शहाणे वाटतात. हा प्रत्यय मुळात आला कुठून यावर भाषापंडितांचं अजून एकमत नाही. पंडित भांडत असतील तेव्हा कोण कोणाला मारतं, ते कोणत्या भाषेत ऐकलंय त्यावर अवलंबून.

बंगाली मैत्रिणीचं थोडक्यात सांगतो. बुटाची नाडी बांधायला वाकताना तिने छत्री पुढे केली आणि म्हणाली, "ने." बंगालीत ‘ने’ म्हणजे ‘घे’. मी मराठीत ऐकलं आणि छत्री घरी नेली. ती भिजली.

आता ज्या गुरुवारसाठी हे सगळं सांगतोय, त्याच्याकडे येतो. त्या दिवशी मोठ्या साहेबांनी सगळ्यांना तोंडी मत विचारलं. आमच्याकडे नुकत्याच दोघी नव्याने आल्या होत्या, एक तुर्की आणि एक हंगेरियन. फ्रान्सचे एक सल्लागारही होते. प्रश्न संपला, क्षणभर शांतता झाली आणि त्या शांततेत आईचा आवाज आला. माझा माइक चालू होता.

"ने! किती वेळा सांगू? ने म्हणते ना! ने!"

पडद्यावरच्या सगळ्या चौकटी हलल्या. ग्रीक बाईंचा चेहरा उजळला. इतका ठाम पाठिंबा त्यांनी कधी ऐकला नव्हता. कोरियन मित्राने आदराने मान झुकवली. बल्गेरियन गड्याचा चेहरा पडला. जपानी गृहस्थ, ब्राझीलचा तरुण आणि जर्मन बाई अर्धं हसू चेहऱ्यावर घेऊन थांबले, कारण ‘ना?’च्या आधी असतं ते वाक्य त्यांना ऐकूच आलं नव्हतं. तुर्कीत ‘ने’ म्हणजे ‘काय?’, म्हणून तुर्की बाईंनी साहेबांचा प्रश्न पुन्हा एकदा, मोठ्याने आणि सावकाश, आईसाठी वाचून दाखवला. हंगेरियनमध्ये ‘ने’ म्हणजे ‘नको, करू नको’. त्या बाई टेबलावरून हात उचलून स्तब्ध बसल्या. आणि फ्रेंच सल्लागारांनी हळूच नाकाला हात लावून पाहिला. फ्रेंचमध्ये नाकाला ‘ने’ म्हणतात. ‘जन्मलेला’ यालाही तसंच म्हणतात, पण माणूस आधी नाकच चाचपतो.

मी माइक बंद केला, पिशवी नेली, परत आलो आणि माफी मागितली. काय घडलं ते सांगितलं. मग सूचना मांडली, की या अक्षराने फार घोळ होतो, तेव्हा यापुढे मत देताना कोणीही ते तोंडाने उच्चारू नये. हो असेल तर ‘१’ हा आकडा टंकावा, नाही असेल तर शून्य. सूचना सगळ्यांना मनापासून आवडली असावी. किंवा नसावी. कारण साहेबांनी "मंजूर?" असं विचारल्याबरोबर सवयीने सगळे एकदम बोलले, कोणी मान उभी हलवत, कोणी आडवी, कोणी लांबवत, कोणी प्रश्न केल्यासारखं.

त्या दिवसाचं इतिवृत्त मी एका ओळीत लिहिलं. त्याबद्दल अजून कोणाचीही तक्रार आलेली नाही. ‘सूचनेवर मत घेण्यात आले. सर्वांनी "ने" म्हटले. (आईसह.)’